मारुतीचं तोंड उघडणारा ब्रश

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. मी एक जुना ब्रश आहे, पण साधासुधा नव्हे. अंगाला वाळू लावून जिनं सेतू बांधायला रामाला मदत केली, त्या खारीच्याच वंशजांच्या शेपटीचे केस माझ्यात आहेत. म्हणून तर रेणापूरच्या दुकानात मी इतर ब्रशांशी फारसा बोलत नसे.

तिथून मला अयोध्याताईंनी घरी नेलं. ताई दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. जाडे ब्रश मोठमोठी अक्षरं ओढत. मी मात्र नाकडोळ्यांचा कारागीर. अर्धापूरची केळी रंगवली, तर माकडांनी सकाळपर्यंत भिंतीचे पोपडे सोलून खाल्ले. औशाचा किल्ला काढला, तर त्याच्या बुरुजात कबुतरांनी अंडी घातली. खोटं वाटत असेल तर त्या कबुतरांनाच विचारा.

मग हनुमान जयंती आली. त्या दिवशी गावात मारुतीच्या देवळापुढे कबड्डीचे सामने रंगतात. पंचमंडळींनी ताईंना देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर लंकेची कथा काढायला सांगितली. ताईंनी काढली, पण आपल्या पद्धतीनं. समुद्र म्हणजे मैदानाची मधली रेघ. पलीकडचं अर्धं मैदान म्हणजे लंका. मारुती एकटा चढाई करून परत निघालेला, लाल चड्डी, बनियनवर सात नंबर. सहा राक्षस शेपटीला लोंबकळलेले, आणि सातवा रावण दहा तोंडांनी ओरडतोय, "धरा, धरा!"

जयंतीच्या आदल्या सकाळी देवळाचे अध्यक्ष भगवानराव आले, ते चुन्याची बादली घेऊनच.

"अयोध्या, देवाला चड्डी घातलीस? आन् वर नंबर बी टाकलास? आत्ताच्या आत्ता चुना मारतो बघ!"

ताईंचा चेहरा उतरला. "मारा, आप्पा. पण आधी एकदा बघा तरी. आठ दिवस शिडीवर राबून राहिले मी."

भगवानराव तरुणपणी गावाचे नामी चढाईपटू. एका पकडीत मुडपलेला त्यांचा कान आजही तसाच आहे. त्यांनी देवाला हात जोडले आणि ते भिंतीकडे बघू लागले. बघता बघता जोडलेले हात सुटले आणि कमरेवर गेले.

"हे चुकलं!"

"काय चुकलं, आप्पा?"

"मारुतीचं तोंड मिटलंय की! गप बसून माघारी येऊन राहिलाय? दम तुटला. बाद हाय हा!"

चुन्याची बादली बघून जमलेल्या माणसांनी कानांना हात लावले. अध्यक्षांनी साक्षात देवालाच बाद केलं होतं!

"देवाचं तोंड वासलेलं कसं काढावं म्हणून..." ताई पुटपुटल्या.

"कबड्डीत देवाला बी सूट न्हाई. उघड तोंड!"

"पण मग तो म्हणंल काय? कबड्डी, कबड्डी?"

भगवानरावांनी मुडपलेला कान खाजवला. "राम राम म्हणंल. चालतंय. पण एका दमात पाहिजे. आन् तोंड झालं की गडी पक्का; मग चड्डी बी चालतीय, चुन्याला कारण उरत न्हाई."

ताईंनी मला उचललं. मी काळ्या रंगात टोक बुडवलं. ताईंनी बुडवलं म्हणा हवं तर. एक इवलासा काळा फराटा, आत लाल ठिपका, आणि मारुतीचं तोंड उघडलं. मित्रांनो, मी माझ्या या केसांनी ऐकलं, भिंतीतून 'राम' असा आवाज आला!

चुन्याची बादली भगवानरावांनी माघारी नेली नाही. त्याच चुन्यानं, स्वतः वाकून, त्यांनी सामन्याच्या रेघा आखल्या.

त्या गडबडीत मला मात्र कुणी धुतलं नाही. रंग केसांत वाळला, दांड्यावर थर चढले. दोन वर्षं मी डब्यात पडून आहे. मित्रांनो, काम झालं की ब्रश धुवा. थोडं टर्पेंटाइन, मग साबणाचं पाणी, एवढंच मागणं. खारीच्या वंशजाची अशी आबाळ बरी नव्हे.

हे ऐकून ताईंची भाची तनुजा टर्पेंटाइनची वाटी घेऊन बसली. तिनं मला भिजवलं, बोटांनी एकेक केस मोकळा केला, दांड्यावरचा रंग नखानं खरवडला. काय सांगू, किती बरं वाटलं! एवढ्यात तिचं नख थांबलं. रंगाखालून छापील अक्षरं निघाली होती.

"अगं मावशे, इकडं बघ! खारीचा हाय म्हणून लई गप्पा हाणून राहिलाय हा, आन् दांड्यावर तर 'नायलॉन' लिवलंय!"