अकरा वाजताचा नारळ

दर शुक्रवारी अकराच्या ठोक्याला अमेरिकेत हर्नडनमधल्या आमच्या ऑफिसात नारळ फुटायचा आणि बंद पडलेली वेबसाइट त्याच क्षणी सुरू व्हायची. मग आम्ही चौदा इंजिनिअर उभे राहून टाळ्या वाजवायचो. मला त्याची लाज वाटायची. अजूनही वाटते.

नारळ फोडणारे ते नकुलानंद महाराज. पूर्वी कुठेतरी सर्व्हर सांभाळायचे, आता सर्व्हरची शांती करायचे. "क्लाउड म्हणजे आकाशतत्त्व," ते डोळे मिटून सांगत. "तुमच्या फायरवॉलमध्ये केतू बसलाय. जानेवारीत कोण आलं इथे?"

जानेवारीत नागपूरची नेत्रा आली होती, सर्व्हर सांभाळायलाच. दंतवैद्यांच्या अपॉइंटमेंट घेणारी आमची साइट दर शुक्रवारी साडेदहाला बंद पडायला लागली तीही जानेवारीतच. एवढा पुरावा आमचे मालक प्रल्हादकाका यांना पुरला. त्यांनी पासवर्ड महाराजांना दिला आणि नेत्राला सर्व्हरला हात लावायची बंदी केली. मार्चअखेर तिला काढायचंही ठरलं. नोकरी गेली की नवी शोधायला व्हिसावर साठ दिवस, मग बॅगा भरायच्या.

"काका, मला फक्त सर्व्हरच्या नोंदींचा लॉग चेक करू द्या ना," ती विनवायची.

"लॉग चेक करून तुझे ग्रह बदलणार आहेत का?"

बिघाडाच्या आपोआप जाणाऱ्या ईमेल मात्र तिलाच येत राहिल्या. त्या बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मार्चमध्ये, अमेरिकेत दर वर्षी होतात तशी, घड्याळं तासभर पुढे गेली, तेव्हा सोमवारच्या मीटिंगमध्ये ती सगळ्यांसमोर म्हणाली, "या शुक्रवारी साइट साडेअकराला डाऊन होईल आणि बाराला परत येईल. नारळ कधीही फोडा."

त्या शुक्रवारी साडेदहाला साइट पडलीच नाही. "आमच्या पावलांनीच केतू पळाला!" महाराज म्हणाले आणि अकराला रीतसर नारळ फोडला. टाळ्या झाल्या. साडेअकराला महाराजांच्या तोंडात खोबरं असतानाच साइट पडली. दुसरा नारळ फुटला, तिसरा फुटला. चौथा नासका निघाला. बाराला महाराज पाचव्याची शेंडी उपटत होते, आणि साइट आपली आपण सुरू झाली.

"यार, हे काय?" कुणीतरी पुटपुटलं.

"सर्व्हरचं घड्याळ आपल्यासारखं पुढेमागे होत नाही, आणि प्रत्येक ईमेलवर त्याची वेळ तीच होती," नेत्रा म्हणाली. "महाराज ते विसरले. आता तरी लॉग उघडू?"

काकांनी पासवर्ड तिच्या हाती दिला.

फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. कुणाला आत सोडायचं नाही याची नवी यादी त्याच्याकडे दर शुक्रवारी आपोआप यायची. ती यादी लावणारी आमची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, आधी जुने नियम पुसायची, दार लावून घ्यायची आणि मग यादी वाचायची. जानेवारीत यादी पुरवणाऱ्यांनी तिची मांडणी बदलली. स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर अडकायची आणि दार सगळ्यांनाच बंद. अर्ध्या तासाने दुसरी स्क्रिप्ट जुने नियम परत आणायची. एवढाच तो केतू. महाराजांनी पासवर्ड मिळाल्या दिवशीच हा लॉग उघडून पाहिल्याची नोंदही तिथेच सापडली. बिघाड त्यांना कळला होता, आणि त्यांनी तो एका मुलीच्या पत्रिकेवर ढकलला. मी मागे वळून पाहिलं, तर महाराज उरलेल्या नारळांसकट पसार झाले होते.

नेत्राने क्रम फिरवला: आधी यादी तपासायची, मगच जुने नियम काढायचे. वीस मिनिटांचं काम.

"तू कुठे जायचं नाहीस," काका खाली बघत म्हणाले.

"जानेवारीतच बघू दिलं असतं तर, काका?"

 

बिघाडाला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. ते आधी वाचा. ते सोडून माणसाची पत्रिका वाचायला बसाल, तर कुणाचं तरी घर उठवाल. आम्ही शिकलेल्या चौदा जणांनी ते जवळजवळ उठवलंच होतं.