ऑगस्टातली ऊब

एक नोव्हेंबरच्या आधी घरातलं हीटिंग लावायचं नाही, हा विल्फ डॉड्सचा नियम होता. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली तरी तो एकदाही मोडला नव्हता. थंडी वाजली तर आणखी एक स्वेटर, त्याहून वाजली तर वर कोट, आणि तरीही वाजली तर विल्फचं उत्तर ठरलेलं, "मग जरा हातपाय हलव." एका ऑक्टोबरात नोर्माने हातमोजे घालून बटाटे सोलले होते. थॉर्नहोप गावातल्या निम्म्या घरांत हाच कायदा चालायचा. नवरे त्याला काटकसर म्हणायचे. बायका काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून यंदा वीस ऑगस्टला विल्फने आपण होऊन हीटिंग लावलं, तेव्हा नोर्माचा चहाचा कप ओठापर्यंत जाऊन तिथेच थांबला.

"बरं वाटतंय ना तुला?"

"तुझे गुडघे," विल्फ भिंतीकडे बघत म्हणाला. "दुखतात ना."

नोर्माने लगेच बहिणीला फोन लावला. "म्हातारा सुधारला गं."

"मरायला टेकला असेल," बहीण म्हणाली.

काही का असेना, नोर्मा त्या आठवड्यात हवेतच होती. एकेचाळीस वर्षांनी कोणाला तरी आपल्या गुडघ्यांची आठवण झाली, ही काही लहान गोष्ट नव्हती.

विल्फला आठवणी होत्या, पण त्या लीकच्या. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची धिप्पाड बहीण, आणि थॉर्नहोपच्या निवृत्त खाणकामगारांनी तिचा देव केला होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये स्पर्धा व्हायची, आणि ज्याची लीक सर्वांत जाड तो वर्षभर गावात छाती काढून फिरायचा. गेली सहा वर्षं तो माणूस रेज पॅटिसन होता, आणि विल्फ त्याच्या नावाने दाढीसुद्धा चिडून करायचा. जुलै लागला की मागचं अंगण बंद. फाटकाला तीन कुलपं, स्वयंपाकघराच्या खिडकीवर बाहेरून गोणपाट. बायकोलाही प्रवेश नाही, कारण बायका बिंगो खेळायला जातात आणि बिंगोला पॅटिसनची बायकोही येते.

सप्टेंबर उजाडला आणि स्वयंपाकघरातला, घर तापवणारा गॅसचा बॉयलर बंद पडायला लागला. त्याच्या इवल्याशा पडद्यावर एक आकडा लुकलुकायचा आणि सगळं थंड. नोर्माने पुस्तिका काढून वाचली. धूर बाहेर नेणारी नळी वाजवीपेक्षा तापली आहे, म्हणून यंत्राने स्वतःला बंद केलं आहे. पुन्हा पुन्हा सुरू करू नका, परवानाधारक माणसाला बोलवा.

"इथे बटण दिलंय," विल्फ म्हणाला आणि त्याने ते दाबलं. बॉयलर गुरगुरत सुरू झाला. "बघ. या कंपन्या उगाच घाबरवतात."

"माणूस बोलवू या की."

"शनिवारनंतर."

मग तो दिवसातून दोनदा बटण दाबू लागला, मग चारदा. नोर्माचं डोकं ठणकायला लागलं. विल्फने दोष तिच्या नव्या चष्म्याला दिला. तिला जिना चढताना गरगरलं, तेव्हा त्याने वयाला दिला. स्वतः तो लाल चेहऱ्याने अंगणात जायचा, तासन्‌तास तिथे बसायचा आणि आत येऊन विचारायचा, "मी आत्ता काय आणायला आलो होतो?"

गुरुवारी सकाळी अकराला बॉयलर त्या दिवसात पाचव्यांदा बंद पडला. स्वयंपाकघरात तापलेल्या प्लास्टिकचा वास भरला होता. विल्फ दूध आणायला गेला होता. प्यायला नव्हे, लीक पुसून चमकवायला. नोर्माचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थबकलं. बॉयलरवर जुन्या तपासणीचं स्टिकर होतं. तिने त्यावरचा नंबर फिरवला.

"ब्रायनी पॅटिसन बोलतेय."

रेज पॅटिसनची नात. गावात गॅसचं परवानाधारक काम करणारी तीच एकटी. नोर्माने डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं.

"बटणाला हात लावू नका, मावशी," ब्रायनीचा आवाज एकदम बदलला. "भिंतीवरचा बॉयलरचा स्विच बंद करा. डोकं दुखतंय?"

"आठ दिवस झाले. बिंगोला गेलं की उतरतं. मला वाटलं, जिंकते म्हणून."

"पुढचं दार सताड उघडा आणि बाहेर जाऊन बसा. आत्ताच. कोटसुद्धा घेऊ नका. घरात आणखी कोणी?"

"कोणी नाही."

"मग मी येईपर्यंत कोणालाच आत जाऊ देऊ नका. दहा मिनिटांत पोचते."

नोर्मा घरासमोरच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसली. ब्रायनीने आल्या आल्या बाहेरच्या पेटीत हात घालून आधी गॅसचा कॉक फिरवला. मग हातातलं मोजायचं यंत्र पुढे धरून ती दारापर्यंत गेली, आणि ते असं कोकलायला लागलं की समोरच्या घरातले पडदे हलले.

"कार्बन मोनॉक्साइड," ती मागे सरकत म्हणाली. "वास नसतो, रंग नसतो, माणूस खुर्चीतल्या खुर्चीत संपतो. घरात त्याची सूचना देणारी घंटी आहे ना?"

"आहे. विल्फने तिच्यातल्या बॅटऱ्या लीकच्या थर्मामीटरला लावल्या."

ब्रायनीने आकाशाकडे पाहिलं. "नळी बाहेर कुठे निघते?"

"मागे. अंगणात."

तेवढ्यात विल्फ दुधाच्या दोन बाटल्या घेऊन आला. पॅटिसनची नात मागच्या फाटकाकडे निघालेली पाहून तो मध्ये उभा राहिला, हात पसरून.

"शनिवारी संध्याकाळनंतर ये, पोरी."

"काका, मला फक्त नळीचं तोंड बघायचंय."

"तुझ्या आजोबाने पाठवलंय तुला."

"गॅसने पाठवलंय! नळीसमोर काय बांधलंय तुम्ही?"

"काही नाही. जरासं प्लास्टिक."

"केवढंसं?"

मग त्याच्या तोंडून ते निघालंच. लाकडी चौकट, दुहेरी प्लास्टिक, भिंतीला घट्ट चिकटवलेलं, नळी बरोबर मधोमध. "फुकटची गरम हवा वाया जात होती. लीकला ऊब लागते. आणि त्या हवेवर झाडं पोसतात म्हणे."

"म्हणजे बॉयलर तीन आठवडे स्वतःचाच धूर स्वतः ओढतोय," ब्रायनी म्हणाली. "नळी तापणार नाही तर काय होईल! आणि उरलेला धूर खिडकीच्या फटीतून मावशींच्या डोक्यात."

नोर्मा भिंतीवरून उठली. गुडघे दुखत होते.

"ऊब लीकला होती?" तिने विचारलं. तिला राग यायला हवा होता, आणि तो येणारच होता, पण आधी नुसतं वाईट वाटलं. फसवलं गेल्याचं, आणि बहिणीला फोन केल्याचं त्याहून जास्त.

"तुलाही मिळतच होती की," विल्फ म्हणाला.

"फाटक उघड, विल्फ."

"दोनच दिवस गं. ती डोळे मिटून आत गेली तर..."

"मी आठ दिवस मरतेय आणि तू तिचे डोळे मिटवतोस?"

विल्फने किल्ल्या काढल्या. पहिलं कुलूप त्याला लागेना. किल्ली भोकाच्या बाजूला घासत राहिली, एकदा, दोनदा, आणि मग त्याने मान वर करून नोर्माकडे पाहिलं. पाच ग्रॅमचा फरक हाताने तोलून सांगणारा हा माणूस, आणि त्याला स्वतःची किल्ली सापडत नव्हती. ती त्याच्यावर चिडली होती ते क्षणभर विसरली. तिने किल्ल्या हिसकावल्या, तिन्ही कुलपं काढली, फाटक ढकललं आणि त्याला कॉलरला धरून मागे, उघड्या हवेत उभं केलं.

ब्रायनीने श्वास रोखून चाकूने प्लास्टिक वरपासून खालपर्यंत फाडलं आणि पळत बाहेर आली. वारा आत शिरला. भिंतीवर नळीचं तोंड दिसलं, करपून पिवळं पडलेलं. त्याच्याखाली ओळीने सहा लीक उभ्या होत्या, पांढऱ्या, मनगटाहून जाड, पाती रिबिनी लावून बांधलेल्या.

विल्फने चेहरा हातांनी झाकला. "बघितल्यास ना. आता जा, सांग त्याला."

ब्रायनीने लीक पाहिल्या, मग विल्फकडे पाहिलं. तिला दया आली असावी, म्हणून तिने नको ते सांगितलं.

"काका, उगाच जिवाला घोर लावलात. आजोबांच्या लीक यांच्या दीडपट आहेत."

विल्फ तिथेच खताच्या पोत्यावर बसला.

मग रुग्णवाहिका आली, तोंडाला ऑक्सिजनचे मास्क लागले, हॉस्पिटलात रक्त तपासलं. दोघांच्याही रक्तात तो वायू निघाला, विल्फच्या रक्तात नोर्माच्या दुप्पट. संध्याकाळी घरी सोडलं तेव्हा खिडक्या उघड्याच होत्या आणि बॉयलरवर लाल चिठ्ठी डकवलेली होती: धोका, वापरू नये. ब्रायनीने बजावलं होतं की मंगळवारपर्यंत चौकट पूर्ण निघालेली हवी. मग ती बॉयलर उघडेल, जळलेली रबरं बदलेल, धूर मोजेल, आणि आकडा मनासारखा आला तरच सुरू करेल.

घर बर्फासारखं होतं. विल्फ न बोलता अंगणात गेला, सगळ्यांत जाड लीक उपटून घेऊन आला आणि विजेच्या शेगडीवर आयुष्यात पहिल्यांदा सूप करायला लागला. मीठ दोनदा घातलं. नोर्मा सोफ्यावर दोन्ही ब्लँकेटं घेऊन बसली होती. त्याने वाडगा तिच्या हातात दिला आणि शेजारी टेकला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तरी. गुडघे आठवले होते का तुला?"

विल्फने चमचा बाहीला पुसून तिच्या हातात दिला. खोटं बोलायला त्याला कोणी अडवलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "लीकच."

नोर्माने सूप चाखलं. खारट होतं, कच्चं होतं आणि कढत होतं. ती ते सगळं प्यायली. मग तिने एक ब्लँकेट काढून त्याच्या गुडघ्यांवर टाकलं.

"कुडकुडतोयस," ती म्हणाली. "जरा हातपाय हलव."