रविवारचं मौन

बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत दिवसभर गाड्यांच्या वेळा सांगून त्याची जीभ तिखट झाली होती. योगवर्गातल्या बाई म्हणाल्या, ‘‘हिंसा काय फक्त हातानेच होते? आठवड्यातून एक दिवस जिभेला सुट्टी द्या.’’ तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळपर्यंत तो मौन पाळायचा. बायकोला, शेजाऱ्यांना हे ठाऊक होतं. चार दिवस राहायला आलेल्या वडिलांना मात्र कोणीच सांगितलं नव्हतं.

शनिवारी रात्री बापलेकांचं वाजलं होतं. रविवारी बायको माहेरी गेलेली, आणि वडील सकाळपासून त्याच्या मागेपुढे करत होते. चहा घेतलास का, पेपर वाचलास का. तो नुसती मान हलवायचा. दोन ओळींच्या चिठ्ठीने भागलं असतं, पण समोरच्या पेनाला त्याने हात लावला नाही. खरं तर म्हाताऱ्याला असं झुलवण्यात त्याला गोडी वाटत होती, आणि मौनाच्या नावाखाली ती खपूनही जात होती.

चारच्या सुमाराला वडील दारात येऊन उभे राहिले. ‘‘चुकलं माझं. आता तरी बोल रे.’’

त्याला बोलावंसं वाटलं. तरी नियम तो नियम. थोडाच वेळ राहिलाय, हे सांगायला त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं.

वडिलांनी घड्याळ पाहिलं, मान डोलावली आणि आत गेले. बाहेर आले ते पिशवी घेऊनच.

‘‘पाचची गाडी मिळेल ना मला?’’

सगळ्या वेळा त्याला पाठ होत्या. त्याने मौन मोडलं, पण ‘बाबा’च्या पुढे जीभ सरकेना.