अभ्यास सोडून गेलेले चौघे

शोधनिबंधाला चौदा लेखक होते आणि त्यांपैकी एकानेही तो लिहिला नव्हता. लिहिला होता व्हर्ना प्रुइटने, फिलाडेल्फियात एका जुन्या सूतगिरणीत थाटलेल्या कंपनीत बसून. औषधवाले आकडे पाठवीत, व्हर्नासारखी माणसं त्यांचा निबंध करीत आणि डॉक्टर तो वाचून मंजूर करीत. 'वाचून' हा शब्द नियमांतच होता.

मूत्रपिंडाच्या औषधाच्या चाचणीचा, त्यांच्या भाषेत 'अभ्यासा'चा, बत्तीस पानी मसुदा तिने चौदाही जणांना मंजुरीसाठी पाठवला. दोन तासांत तेरा मंजुऱ्या आल्या. मग तिच्या लक्षात आलं, की मेलला मसुदा जोडायचाच राहिलाय. दिलगिरी व्यक्त करून तिने तो पुन्हा पाठवला. त्यावर नऊ जणांनी पुन्हा एकदा 'अप्रतिम' असं कळवलं.

चौदावे होते पिट्सबर्गचे डॉक्टर एमेट सॉरेल. त्यांचा शुक्रवारी फोन आला.

"बाई, पान एकोणीस काढा. तक्ता बघा. 'संमती मागे घेऊन अभ्यास सोडला, चार जण.' सापडलं?"

"हो, डॉक्टर."

"त्यातले दोघे माझे पेशंट. एक बसचालक, एक शाळेत स्वयंपाक करणारी बाई. ते काही सोडून-बिडून गेले नाहीत हो, मेले! औषध चालू असताना धाप लागून उठवेना, तपासणीला यायला जमेना, म्हणून आमच्याच लोकांनी अभ्यास सोडल्याच्या कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या. आठवड्याभरात दोघंही गेले. फुप्फुसांत पाणी. बाईंच्या अंत्यविधीला मी स्वतः उभा होतो."

व्हर्नाने मृत्यूंचा तक्ता उघडला. दोघेही त्यात नव्हते.

"नसणारच," डॉक्टर म्हणाले. "मरण्याआधी सही केली ना त्यांनी! एवढं एक वाक्य घाला, मी मंजुरी देतो. नाहीतर देणार नाही."

"लेखी द्याल का? तोंडी सूचनेवर मला एक अक्षर बदलता येत नाही."

"सोमवारी देतो. शनिवार-रविवार बायको संगणकाला हात लावू देत नाही."

रविवारी घरापुढचं बर्फ फावड्याने ओढताना डॉक्टर सॉरेल कोसळले, ते उठलेच नाहीत.

मंगळवारी त्यांच्या पत्त्यावरून मेल आला: 'मंजूर. उत्तम काम.'

व्हर्नाने त्यांच्या ऑफिसात फोन लावला. त्यांची सेक्रेटरी नदीन रडून रडून घोगरी झाली होती.

"अगं, मीच पाठवलं ते. शुक्रवारी त्यांचा मेल बंद होणार. एक्केचाळीस कामं तुंबलेली. म्हटलं, डॉक्टरांच्या नावावर कुणाचं अडून राहायला नको."

"पण तू वाचलंस का ते?"

"मी? का बाई, बाकीच्यांच्या सेक्रेटऱ्या वाचतात?"

व्हर्ना तिच्या साहेबाकडे, ग्रॅहम टटलकडे गेली. ग्रॅहम तिच्याहून सोळा वर्षांनी लहान होता आणि दुःखाची बातमी ऐकताना मान तिरकी करायचा.

"मंजुरी आली ना? झालं तर."

"माणूस रविवारी गेला, ग्रॅहम. मंजुरी मंगळवारची आहे."

"मग तारीख नको घालू."

"दोन माणसं मेलीयत."

"सॉरेल धरून तीन," ग्रॅहम हळहळला. "पण त्या दोघांनी संमती मागे घेतली ना गं? त्यानंतर ते जिवंत आहेत का, हे विचारायचाही आपल्याला हक्क नाही. खासगी बाब आहे ती. तुझ्याकडे लेखी काही आहे?"

"नाही."

"मग घरच्यांची सही आण. मृत लेखकासाठी ती लागते. नावापुढे छापायला खंजिराची खूण असते, ती टाकू. फार आदराची दिसते."

लॉर्ना सॉरेल फोनवर अगदी शांत होत्या. "शेजाऱ्यांनी मॅकरोनीची सात भांडी आणून ठेवलीयत. खाणारं कोण? तुमचा निबंध इथे टेबलावरच आहे. पान एकोणीसच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'हे दोघे मेले.' खाली रेघ. इतकी दाबून ओढलीय की कागद फाटलाय."

"फोटो पाठवाल?"

"पाठवते. आणि मी सही केली तर हे वाक्य छापणार?"

"सही केलीत तरी न केलीत तरी, आत्ता आहे तसंच छापायचं चाललंय."

"मग माझ्या नवऱ्याचं नाव त्यात नको."

व्हर्ना फोटो घेऊन ग्रॅहमसमोर उभी राहिली. "हे बघ. लेखी."

ग्रॅहमने तो बराच वेळ पाहिला. "लेखी आहे खरं. पण लेखकाचं कुठे आहे? बाईंनी सही नाकारली, म्हणजे सॉरेल लेखक उरले नाहीत. बाहेरच्या माणसाच्या शेऱ्यावर आपण मसुदा बदलत नाही." मग त्याचा चेहरा उजळला. "तेरा लेखक आणि तेरा मंजुऱ्या. 'सर्व लेखकांनी अंतिम मसुद्याला मंजुरी दिली आहे.' बघ, हे वाक्य आता शंभर टक्के खरं झालं. मला खोटं छापायला कधीच आवडत नाही."

"मग माझंही नाव काढ."

"तुझं? 'लेखनसाहाय्य: व्हर्ना प्रुइट'? छे! पूर्वी तुम्हा लोकांची नावं लपवायचे, तेव्हा किती बोंब झाली होती! आता निबंध कुणी लिहिला, हे वाचकाला कळायलाच हवं. चांगला बदल आहे हा, व्हर्ना. तूच तर नव्या पोरांना शिकवतेस."

ते खरं होतं. दर सप्टेंबरला ती ते शिकवायची.

तिने फोटो नियतकालिकाच्या संपादकांना पाठवला. त्यांनी नियमाप्रमाणे तो लेखकांकडे खुलाशासाठी धाडला. लेखकांनी एकमताने कळवलं, की चार जण अभ्यास सोडून गेले.

एप्रिलमध्ये निबंध छापून आला, कुणालाही फुकट वाचता येईल असा. तिसऱ्या दिवशी व्हर्नाला कंपनीच्या पत्त्यावर एक मेल आला.

'सॉरेलबाईंनी मला निबंधाचं नाव सांगितलं. तेरा डॉक्टरांना लिहिलं, एकाचंही उत्तर नाही. शेवटी बारीक अक्षरात तुमचं नाव दिसलं. माझी आई शाळेत स्वयंपाक करायची. चार जण सोडून गेले म्हणता, त्यांत ती आहे का? ती कुठेच गेली नव्हती. मी तिच्या उशाशी होते. डार्लीन.'

व्हर्नाने नोकरी धरताना गुप्ततेच्या नऊ पानी करारावर सही केली होती. तो तिने वाचलाही होता. तिने 'हो' एवढंच लिहिलं, पेन्सिलीच्या शेऱ्याचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं.

त्याच दिवशी अकरा वाजता ग्रॅहमने तिला आत बोलावलं. साडेअकराला तिचं ओळखपत्र काढून घेतलं, तेही मान तिरकी करून. तोवर निबंध नऊ हजार डॉक्टरांनी उतरवून घेतला होता. निष्कर्ष पहिल्या पानावर होता. औषध लिहून द्यायला तेवढा पुरे होता.