सहीला नवरा चालत नाही

बून कियाटने कॉफीचा कप बशीत आपटला आणि म्हणाला, "हिन, लेका, तुझं नशीब फळफळलं की!"

तेक हिन दचकलाच. उद्या सकाळी बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि हा म्हणतो नशीब फळफळलं! असल्या मित्राला काय म्हणावं? पण बून कियाट पहिल्यापासून तसाच. बस डेपोत दोघं एकत्र ड्रायव्हर होते, तेव्हाही याच्या जिभेला ब्रेक नव्हता.

हिनचंही चुकलंच म्हणा. मन हलकं करायला म्हणून तो बोलून गेला होता की बायकोने, स्वी हूनने, स्वतःचं घर अनाथ मुलांच्या आश्रमाला लिहून ठेवलंय, आता तिचं बरंवाईट झालं तर आपण पुन्हा भाड्याची खोली बघायची.

"कसलं लिहून ठेवलंय?" बून कियाट पुढे सरकला. "कधी लिहिलं? लग्नाआधी ना? मग संपलं! लग्न लागलं की आधीचं मृत्युपत्र रद्द. आपल्याकडे कायदाच आहे तसा. माझ्या थोरल्या भावाचं काय झालं? दुकान पुतण्यांना लिहून दिलं होतं. म्हातारपणी बोहल्यावर चढला आणि वर्षात गेला. दुकान नव्या बायकोला! पुतणे बसले बोंबलत. हूनला ना मूल ना आईबाप. घर तुझं, बाबा, सरळ तुझं!"

"काहीतरी बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? तूही बोलू नकोस. उद्यापर्यंत तोंड शिवून बस. ती ठणठणीत बरी होऊन घरी आली की सांग सावकाश. घाई कुणाला आहे?"

हिनने अर्धा टोस्ट बशीत टाकला. तो दुकानाबाहेर आला आणि हूनच्या वकीलबाईंना, सेल्वराणींना, फोन लावला.

"लग्न?" बाई फोनवर किंचाळल्याच. "अंकल, तुम्ही लग्न केलंत आणि मला कळवलंसुद्धा नाही?"

"पत्रिका राहिली पाठवायची. म्हणून रागावलात होय?"

"पत्रिका घाला चुलीत! पुढे लग्न होणार हे धरून ते मृत्युपत्र लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. आता त्या कागदाची रद्दी झाली. आंटींना सांगा, त्यांनी स्वतः बोलावलं तर मी संध्याकाळी येते. तुमच्या सांगण्यावरून यायची नाही. नवऱ्याने वकील आणला की उद्या लोक भलतंच बोलतात."

म्हणजे बून कियाट, तो बडबड्या, खरं बोलत होता!

हॉस्पिटलची बस आली आणि हिन खिडकीशी जाऊन बसला. जन्मभर दुसऱ्यांना घरी पोचवलं, आणि स्वतः राहिला भाड्याच्या खोल्यांत, कधी कुणाच्या दुकानावर, कधी कुणाच्या गोदामामागे. पहिली बायको लवकर गेली, मूल झालंच नाही. मग हून भेटली. बाजारामागच्या गल्लीत तिचं दुमजली घर, खाली शिवणकामाचं दुकान. लग्नाआधी तिने स्पष्टच सांगितलं होतं, "घर पोरांचं आहे. तुला मी हवी असेन तर बोल." हा म्हणाला, "तूच हवीस." आणि ते खरंच होतं. पण मागच्या वर्षी त्या घरात घड्याळ टांगायला खिळा ठोकताना कुणाला विचारावं लागलं नाही, तेव्हा हातोडी हातात धरून तो उगाचच हसत उभा राहिला होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते सुख सोडवत नाही. का सोडवावं?

आणि शिवाय, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मरणाचं नाव काढायचं? त्यांच्या चिनी बोलीत चार हा आकडा 'मरण' या शब्दासारखा ऐकू येतो म्हणून हूनने नर्सशी भांडून चार नंबरचा पलंग बदलून घेतला होता. अशा बाईला मृत्युपत्राचं सांगायचं म्हणजे आपल्या हाताने अपशकुन करायचा. नकोच ते. तिच्या जिवाला घोर नको. हिनने मनाशी ठरवून टाकलं आणि त्याला बरं वाटलं. मग लगेच वाटलं, इतकं बरं का वाटतंय आपल्याला? आपण गप्प बसतोय ते तिच्यासाठी की घरासाठी? त्याची त्यालाच शिसारी आली.

त्याला लग्नाचा दिवस आठवला. आपल्यात लग्नात धाकट्यांनी गुडघे टेकून नवरानवरीला चहा द्यायचा असतो. या दोघांना द्यायला पुढे कोण होतं? आश्रमातली पोरं आली! हून तीस वर्षं आश्रमासाठी कपडे शिवत होती, शनिवारी टोपलीभर वाफवलेले गोड केक नेत होती. ओळीने पोरं बसली. सगळ्यांत थोरली किम सुआन पुढे झाली, दोन्ही हातांनी कप धरून म्हणाली, "आजोबा, चहा घ्या." हिनने घेतला. एकेकाच्या हातचा घेतला, पोट डब्ब होईपर्यंत. तो चहा उगाच कुणी पीत नाही. प्यायला म्हणजे नातं मान्य केलं. किम सुआन आता अठराची होतेय, आणि अठरा झाली की आश्रमात राहता येत नाही. असल्या पोरांना शहरात डोकं टेकायला जागा हवी, म्हणून तर हूनने घर लिहून दिलं होतं.

वॉर्डात हून पेज ढवळत बसली होती. "आलास? बघ ही पेज. हिच्यात तांदूळ शोधून दाखव, बक्षीस देते."

"हून, एक सांगायचंय."

"तोंड का असं? गॅस चालू ठेवून आलास?"

"नाही गं. तुझं ते... आश्रमाचं... पोरांना घर मिळायचं नाही."

चमचा थांबला. "काय बरळतोस?"

"लग्नाने तो कागद रद्द झाला. मी वकीलबाईंना विचारलं. उद्या जर काही..."

"थू थू! तोंड धू जाऊन! उद्या माझी छाती फाडणार आहेत आणि तू मला आजच तिरडीवर चढवतोस? कुठल्या मुहूर्तावर तुला हो म्हटलं मी!"

शेजारच्या पलंगावरच्या मलय आजीबाई उठून बसल्या. त्यांचा मुलगा फौझी छताकडे बघू लागला. हिनचे कान लाल झाले, पण आता सुरुवात केलीच होती.

"शिव्या घाल. पण ऐक. उद्या काही झालं, तर घर मला मिळतं. सगळं. पोरांना एक वीटसुद्धा नाही."

हूनने पेजेची वाटी बाजूला ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "मग तुझं काय बिघडलं? गप्प बसायचंस. मला कळलंसुद्धा नसतं."

"बसणारच होतो," हिन म्हणाला. त्याला रडू फुटलं. "बसमध्ये ठरवलंही होतं. पण मी त्यांच्या हातचा चहा प्यालोय गं."

हूनने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "फोन लाव त्या बाईला. मी बोलते."

संध्याकाळी सेल्वराणीबाई लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन हजर झाल्या. आल्या आल्या त्यांनी हिनला बाहेर काढलं. "आंटी माझ्याशी एकट्या बोलतील. तुम्ही नको."

पडदा ओढला गेला. हिन बाहेर बाकावर बसला. आत हून रागात आहे, आणि रागात नसली तरी घर पोरांचंच. चला, झालं! बून कियाटच्या घरी मागची खोली रिकामी आहे. त्याचं घोरणं तेवढं सोसावं लागेल, आणि "तुला सांगितलं होतं" हे रोज ऐकावं लागेल. त्याला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला, चांगलंच वाटत होतं. पण सकाळपासून मेलेली भूक मात्र परत आली होती. त्याने कँटीनमधून पाव आणला आणि दिवसभरात पहिल्यांदा चवीने खाल्ला.

आतून हाक आली. कागद तयार होता, अडलं होतं ते साक्षीदारांवर. दोन हवे होते. नर्सने हात जोडले, "आम्हाला सही करायची परवानगी नाही हो." फौझी चटकन उठला, "मी करतो. माझी बायको खाली गाडी लावतेय, ती दुसरी." पण बायकोचा पत्ता नाही, आणि भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. पहारेकरी दारात येऊन उभा राहिला.

एवढं सगळं होऊन आता एका सहीसाठी अडायचं? त्याने झेप घेऊन टेबलावरचं पेन उचललं. "मी आहे की! आणा इकडे, कुठे करू?"

"नको!" दोन्ही बायका एकदम ओरडल्या. हूनने तर सलाईन लावलेल्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"पेन खाली ठेवा आधी!" सेल्वराणीबाई म्हणाल्या. "अंकल, ज्याला मृत्युपत्रात काही मिळायचं असतं, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा बुडतो. कायदा आहे."

"मग करू द्या ना. मला कुठे काय मिळायचंय?"

फौझी पुन्हा छताकडे बघू लागला.

हिनने हूनकडे बघितलं. मनगट तिने अजून सोडलं नव्हतं.

"हून? माझं नाव आहे त्यात?"

"नाही तर काय शेजाऱ्याचं असेल?" हून फणकारली. "तू जिवंत आहेस तोवर घरात राहायचं. कुणी तुला ऊठ म्हणायचं नाही. तुझ्यामागे पोरांचं. दुपारी घर तुझ्या हातात होतं, सगळंच्या सगळं, आणि ते तू मला आणून दिलंस. तुला काय मी रस्त्यावर काढू, मूर्खा?"

हिन मटकन खुर्चीत बसला आणि सगळ्या वॉर्डासमोर लहान मुलासारखा रडला. फौझीची बायको धापा टाकत आली. पहारेकऱ्याने घड्याळाकडे पाठ फिरवली. हूनने सही केली, मग फौझीने आणि त्याच्या बायकोने केली.

"पुरे आता," हून म्हणाली. "आणि ऐक. वरची खोली किम सुआनला देऊन टाकायची. आत्ताच. तिने माझ्या मरणाची वाट कशाला बघायची? माझं मरण यायला अजून खूप अवकाश आहे."

"रंग लावावा लागेल तिथे," हिन नाक पुसत म्हणाला.

"तिला विचार कुठला हवाय. तू मनाने काही आणू नकोस, तुझी आवड बसच्या रंगापुढे जात नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि सगळं नीट झाल्याचं म्हणाले, तेव्हा हिनचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी हूनने डोळे उघडले. तोंडात नळी, बोलता येईना. तिने बोटाने हिनच्या शर्टाकडे दाखवलं. बाहीवर, खिशावर, कोपरावर पिवळ्या रंगाचे ओले डाग होते.

"तिनेच निवडला," हिन म्हणाला. "आत्ता वरच्या खोलीत रंगाचा दुसरा हात मारतेय."