शंभूराजची खाट

म्हस्कूचा जीव वाचला, पण पोटावर पिशवी आली. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन व्हायला उशीर झाला होता. आता शौच त्या पिशवीत. सदरा सैल घालायचा, चारचौघांपासून लांब बसायचं. एके काळी दोनशे मेंढरांमागं कोसच्या कोस चालणारा गडी कळंबच्या घरात कोपरा धरून होता.

म्हस्कूचा बापही याच दुखण्यानं गेलेला, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी पोरालाही तपासलं. नळी घालून पाहिलं, तर शंभूराजच्या मोठ्या आतड्यात शेकडो बारीक गाठी.

"आज कॅन्सर नाही, पण पुढं होणारच," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच मोठं आतडं काढू. लहान आतडं खाली जोडता येईल, पिशवी लागणार नाही."

मंगळवारी दाखल व्हायचं ठरलं.

शंभूराज तेवीस वर्षांचा. माळेगावच्या कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस घालायचा, एका बैठकीत चार भाकरी हाणायचा.

"मला काय धाड भरलीय, आबा? डॉक्टर काय बी सांगत्यात. पिशवी लावून जगन्यापरीस मेल्यालं बरं."

बापाच्या तोंडावर म्हणाला हे. म्हस्कूला राग यायला हवा होता, पण आली ती लाज.

सोमवारी त्यानं डोकं चालवलं. बुजलेलं मेंढरू ओढ्यापार न्यायचं तर आधी आपण पाण्यात उतरायचं, हे त्याला जन्मभर ठाऊक. त्यानं पोराला समोर बसवलं आणि सदरा वर केला.

"बग. जित्ता हाय का न्हाय मी? तुला तर ही बी लागायची न्हाय."

शंभूराजनं पाहिलं मात्र, तोंड दाबून बाहेर पळाला. उकिरड्यापाशी भडाभडा ओकला. म्हस्कू सदरा धरून तसाच उभा. आपल्यासारखे मूर्ख आपणच, असं त्याला झालं.

सकाळी दारात ट्रॅक्टर नव्हता. शंभूराज ऊस भरायला निघून गेला होता.

म्हस्कू एकटाच एस्टीनं पुण्याला गेला. कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. दवाखान्याच्या बाकावर अंग चोरून बसला.

"शंभूराज म्हस्कू कोकरे!" नर्सनं पुकारलं.

म्हस्कू चटकन उठला.

"बाबा, पेशंट कुठाय?"

"येतोय."

"बारापर्यंत आला नाही तर खाट दुसऱ्याला जाईल."

"तवर मी पडतो तिच्यावर, ताई," म्हस्कूनं हात जोडले. "माझ्याच रक्तातनं गेलंय त्येच्यात. खाट तेवढी सोडू नगा."

बारा वाजता नर्सनं पुढचं नाव पुकारलं.