दगड जागेवर

"नाना, तुमीच सांगा साहेबांना. ह्यो दगड किती सालापास्नं हितं हाय?"

कुलदीपनं हे सगळ्या वाडीसमोर विचारलं आणि खिशात हात घालून तो निवांत उभा राहिला. त्याच्या हॉटेलच्या पार्किंगच्या कडेला गुडघ्याएवढा हद्दीचा दगड होता. भोवती मोजणीची माणसं, तिपाईवरचं यंत्र, छत्री धरून उभे असलेले इंजिनीअर निरंजन साहेब आणि कामधंदा सोडून आलेली निम्मी वाडी.

नाना म्हणजे हिंदुराव. चौतीस वर्षं मैलकुली म्हणून याच रस्त्यावर राबलेला माणूस. आठव्या किलोमीटरपासून तेराव्यापर्यंतचा तुकडा त्यांचा. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, बाभळी छाटायच्या, किलोमीटरच्या दगडांची डोकी हिरवी रंगवायची. खंडेनवमीला फावडं-घमेल्याबरोबर अकराव्या किलोमीटरच्या दगडालाही हळदीकुंकू वाहायचे. लोक हसायचे. हसू देत.

आणि रस्ता तरी मुळात काय होता? चाकणच्या बाजाराला जाणारी बैलगाडीची वाट. बाहत्तरच्या दुष्काळात तिच्यावर खडी पडली. ती फोडणाऱ्यांत सतरा-अठरा वर्षांचे हिंदुराव होते आणि चार ढीग पलीकडे पुढं त्यांच्या बायको झालेल्या रुक्मिणीबाई. मग डांबर आलं, एसटी आली, राज्यमार्ग असं भारदस्त नाव आलं. मग कारखाने आले, कंटेनर आले आणि म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडायला सोबत लागू लागली. आता तो चौपदरी व्हायचा होता.

दक्षिणेचे हद्दीचे दगड पाइपलाइन टाकणाऱ्यांनी केव्हाच उखडले होते. उरला होता उत्तरेचा हा एकच. याच्यापासून तीस मीटर मोजायचे, तेवढा रस्ता. आणि तीस मीटर मोजले की टेपचं टोक समोरच्या बाजूला हिंदुरावांच्या घरात, पार चुलीपाशी जात होतं. दोन खोल्यांचं घर, सासऱ्यानं तोंडी दिलेल्या जागेतलं. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे मोबदल्याचीही बोंब. मुलगा धनेश भोसरीला भाड्याच्या एका खोलीत चौघांचा संसार करतो. तिथं ही दोन म्हातारी माणसं काय फळीवर ठेवायची?

खरी गोष्ट अशी की दगड जागेवर नव्हताच.

एकोणनव्वद साली रस्ता रुंद करायचं निघालं, तेव्हा कुलदीपचे वडील यशवंतराव हिंदुरावांच्या ओसरीवर आले होते. एवढा मोठा बागायतदार, पण लहान पोरासारखा रडला. त्यांच्या आईची समाधी नेमकी रस्त्याच्या हद्दीत येत होती. "हिंदुराव, आईवर रोलर फिरंल रं," ते म्हणाले. हिंदुरावांना आपली आई आठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहारीनं दगड उपटला, दोराला बांधून बारा फूट रस्त्याच्या बाजूला ओढला आणि तिथं पुरला. बदल्यात चहाही घेतला नाही. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं होतं.

पुढं यशवंतराव गेले. कुलदीपनं हॉटेल काढलं आणि पार्किंगला अडचण होते म्हणून ती समाधी एका सकाळी जेसीबीनं उचलली. आजी कुठल्या भरावात गेली देव जाणे. दगड मात्र त्यानं डोळ्यांत तेल घालून जपला. दगड बारा फूट मागं गेला असता तर त्याच्या हॉटेलचा दर्शनी भाग गेला असता.

सकाळी घरून निघताना रुक्मिणीबाई म्हणाल्या होत्या, "लोकाची मेल्याली आई वाचवाया दगड हलवला तुमी. आता जित्या बायकूसाठी तोंड तरी हलवा."

हिंदुरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, दगड जागेवर न्हाई. म्या हलवलाय. बारा फूट."

एवढं बोलायला त्यांना काय पडलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. हिंदुराव लबाडी करत नाही, एवढीच काय ती जन्माची कमाई, ती त्यांनी चव्हाट्यावर आणून ठेवली.

"नाना, सरकारी हद्दीचा दगड हलवला तुम्ही?" निरंजन साहेबांनी छत्री मिटली.

"व्हय. मागं बारा फुटावर खणा. जुना चुन्याचा पाया घावंल."

"तितं पाण्याची टाकी हाय, साहेब," कुलदीप शांतपणे म्हणाला. "पाच वर्सं झाली बांधून. पाया कुटला घावतोय?"

साहेबांनी पिशवीतून एक जुनी नोंदवही काढली. पावसाळ्याआधी दर वर्षी पाहणी व्हायची, तिची वही. हिंदुरावांनी आपलं अक्षर लांबूनच ओळखलं. 'हद्दीचा दगड जागेवर.' खाली सही. एकोणनव्वद, नव्वद, एक्क्याण्णव, निवृत्तीपर्यंत दर साली. पहिल्या साली दोनदा पेन खाली ठेवून मग लिहिलं होतं. नंतर सवय झाली.

"मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय?"

"तवा," हिंदुराव म्हणाले.

कुलदीपनं मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, नाना खोटं लिवायचं न्हाईत. रस्त्याची मूठभर खडी कदी घरी नेली न्हाई ह्या मानसानं. आता घर जातंय, जीव तुटतोय, म्हनून बोलत्यात. अंबूबाई, तूच सांग."

हिंदुरावांनी आशेनं अंबूबाईकडं पाहिलं. त्या दिवशी दगड ओढताना दोराचं दुसरं टोक तिच्या आता गेलेल्या नवऱ्यानं धरलं होतं आणि ती कडेला चाऱ्याचा भारा घेऊन उभी होती. आता तिची सून कुलदीपच्या हॉटेलात भांडी घासत होती. अंबूबाईनं पदर तोंडाशी नेला.

"नाना देवमानूस," ती म्हणाली. "नाना खोटं लिवनार न्हाईत."

वाडीनं मान डोलावली. कुणी तरी "वय झालं आता" असंही म्हणालं. साहेब काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांना कागद लागत होता आणि कागद हिंदुरावांच्याच हातचा होता. त्यांनी वही मिटली आणि टेप धरायला सांगितलं.

तासाभरात मोजणीचा माणूस पाडायच्या भागाची खूण करायला लाल रंगाचा डबा घेऊन हिंदुरावांच्या भिंतीपाशी आला. रुक्मिणीबाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

त्या माणसानं घाईघाईत ब्रश ओढला. रेघ वाकडी गेली, रंग ओघळला.

"रस्त्याची रेघ अशी न्हाई मारत," हिंदुराव म्हणाले. आत जाऊन त्यांनी खुंटीवरचं सुतळीचं भेंडोळं आणलं, सुतळी रंगात बुडवली आणि एक टोक भिंतीला दाबून धरलं. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. मोजणीचा माणूस मोबाइलवर बोलत होता.

"धरतीस का गं?" त्यांनी विचारलं.

रुक्मिणीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. त्यांनी दुसरं टोक भिंतीला धरलं आणि सुतळी ताठ केली.